बोलत राहा, थांबू नका

माझी नोकरीच बोलण्याची होती. खोपटच्या बसस्थानकात नियंत्रण कक्षात बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. इतक्या वर्षांत तोंड आपोआप चालायचं आणि डोकं दुसरीकडे असायचं, रात्री भाजी काय करायची, मुलीची फी भरली का, असल्या गोष्टींत.

त्या दुपारी भिवंडीची गाडी लागली. मी बटण दाबलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं" म्हणाले आणि पुढचं काही येईना. ओठाचा उजवा कोपरा आपला आपण उडायला लागला, आतून कुणीतरी दोरा ओढावा तसा. विसरले नव्हते मी काही. 'भिवंडी' हा शब्द डोक्यात स्वच्छ होता. त्याच्या 'भ'साठी ओठ मिटायला हवे होते आणि ते मिटत नव्हते. माइक चालूच होता. बाहेर सगळ्या स्थानकावर माझा श्वास ऐकू जात होता, तो मला कर्ण्यातून परत येताना ऐकू येत होता.

शेजारच्या सहकाऱ्याने हात लांब करून माइक बंद केला. "मॅडम, काय होतंय? पाणी देऊ?"

मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. तो काय बोलतोय ते सगळं कळत होतं. थोड्या वेळाने ओठ थांबला, आणि अडकलेला शब्द तसाच बाहेर आला. "भिवंडी," मी म्हणाले. तो हसला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मी घरी काही सांगणार नव्हते. उन्हाने झालं असेल, जागरण झालं असेल. पण दोन दिवसांनी वर्तकनगरच्या आमच्या घरात, मुलीशी बोलताना, तेच पुन्हा झालं. ती बारावीला होती. माझा ओठ उडताना बघून ती आधी हसली, तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग ओरडत बाबांना बोलवायला धावली.

नवऱ्याला वाटलं अर्धांगाचा झटका. मला वाटलं बीपी. डॉक्टर म्हणाले, फिट आहे. मला पटेना. फिट म्हणजे माणूस खाली पडतो, हातपाय झाडतो, कांदा हुंगवतात, एवढंच मला माहीत. ते म्हणाले, "मेंदूच्या जेवढ्या भागात गडबड, तेवढ्याच भागाची फिट येऊ शकते. तुमची तोंडापुरती आहे. आता तिथे गडबड का आहे, ते बघायला हवं." एमआरआय झाला. डाव्या बाजूला, कानशिलाच्या वर, गाठ निघाली.

सर्जन बाई माझ्याच वयाच्या होत्या. आवाज बारीक, घाई नाही. त्यांनी कागदावर काही काढलं नाही, स्वतःच्याच डोक्यावर बोट ठेवून दाखवलं. टाळूपासून कानाकडे बोट खाली आणत म्हणाल्या, "ही एक पट्टी समजा. इथून शरीराला हालचालीचे हुकूम सुटतात. सगळ्यात वर पाय. मग धड, हात. मग चेहरा. आणि इथे खाली ओठ, जीभ, घसा. सगळे शेजारी शेजारी. डाव्या मेंदूची पट्टी उजव्या बाजूला हलवते, म्हणून तुमचा उजवा ओठ उडतो."

"पण ओठ उडाला तर उडू दे," मी म्हणाले, "बोलणं का थांबतं?"

"पाणी म्हणा."

"पाणी."

"आता सावकाश म्हणा. ओठ मिटले, उघडले, घशात आवाज सुरू झाला, मग जिभेचं टोक वर वळून टाळूला लागलं. एवढ्या हालचाली ठरल्या क्रमाने, डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्या पट्टीच्या जरा पुढे एक भाग आहे, तो हा क्रम लावून देतो. तो बिघडला तर ओठ धड, जीभ धड, शब्दही आठवतोय, पण माणूस 'पाणी' म्हणू शकत नाही. तुमची गाठ बरोबर या दोन्हींच्या सीमेवर आहे."

नवऱ्याने विचारलं, "मग काढणार कशी?"

"यांना जागं ठेवून," त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. कवटी उघडेपर्यंत झोपवायचं. मग उठवायचं. मेंदूला स्वतःला दुखत नाही, कातडीला दुखतं, ती बधिर केलेली असते. मी बोलत राहायचं आणि त्या बारीकशा विजेच्या टोकाने एकेका जागेला स्पर्श करत जायच्या. जिथे स्पर्श केल्यावर बोलणं थांबेल, ती जागा सोडायची.

"प्रत्येकाच्या मेंदूत ही जागा थोडी इकडेतिकडे असते. यांची कुठे आहे ते यांच्याच तोंडून कळणार. दुसरा मार्ग नाही."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्यावरून आमच्या घरात पुढचे काही दिवस धड कुणी जेवलं नाही. गाठ हळू वाढणारी वाटत होती. पण ती बोलण्याच्या जागेत शिरलेली असली तर? सगळी काढायची आणि बोलणं जाण्याचा धोका घ्यायचा, की थोडी ठेवायची आणि ती पुन्हा वाढण्याचा धोका घ्यायचा? "आत गेल्यावर विचारायला वेळ नसतो. मला आधी सांगा," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "विचार काय करायचाय? सगळी काढायची."

"आणि मुकी झाले तर?"

"झालीस तर झालीस. तू हवीस. बोलली नाहीस तरी चालेल."

तो हे रडत म्हणाला होता, हे मला आज दिसतं. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त शेवटचा शब्द शिरला. "चालेल? कुणाला चालेल? तुम्हाला चालेल. मला नाही चालणार."

"अगं, जिवावर बेतलंय आणि तू नोकरीचं काय घेऊन बसलीस?"

"नोकरीचं नाही बोलत मी! पोरीला हाक मारायचं बोलतेय. तुमच्याशी भांडायचं बोलतेय. आत्ता हे जे करतेय ना, ते."

मुलगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. तिने पंख्याचा वेग वाढवलेला मला ऐकू आला.

शेवटी मीच फोन करून सर्जन बाईंना सांगितलं. बोलणं ठेवा, गाठ ठेवावी लागली तर ठेवा. नवरा समोर बसला होता.  उठून गॅलरीत गेला आणि सुकलेले कपडे एकेक करून काढत बसला.

ऑपरेशनच्या आधी स्पीच थेरपिस्ट आली. कल्याणहून यायची, लहानखुरी, पाठीवर सॅक लावलेली. ऑपरेशनच्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर तीच बसणार होती. तिने चित्रांचा गठ्ठा काढला. चित्र दिसलं की 'हा आंबा आहे', 'ही गाय आहे', 'हे कासव आहे' असं पूर्ण वाक्य म्हणायचं. नुसतं नाव नाही. "वाक्याची सुरुवात आली आणि नाव नाही आलं, तर नाव अडलं. सुरुवातच नाही आली, तर तोंड अडलं. मला दोन्हींतला फरक बाईंना सांगायचा असतो," ती म्हणाली. ज्या चित्रापाशी मी घुटमळले, ते तिने गठ्ठ्यातून काढून टाकलं. सुतारपक्षी मला ओळखता आला नाही, तो गेला.

"भीती वाटतेय?" तिने विचारलं.

"हो."

"वाटू दे. तिथे एकच करायचं. बोलत राहा, थांबू नका. थांबायचं झालं तर ते आम्ही करू."

ऑपरेशनच्या दिवशी जाग आली तेव्हा पहिल्यांदा थंडी जाणवली. मी डाव्या कानाकडची बाजू वर करून आडवी होते, डोकं पक्कं धरून ठेवलेलं, हलवता येत नव्हतं. डोळ्यांसमोर निळ्या कापडाचा तंबू आणि त्या तंबूत थेरपिस्टचा मास्क लावलेला चेहरा. माझ्या मागून, वरून, सर्जन बाईंचा आवाज आला. "गुड मॉर्निंग. कसं वाटतंय?"

"मान अवघडलीय," मी म्हणाले. तंबूच्या पलीकडे दोघं-तिघं हसले. माझं डोकं उघडं आहे आणि मी मानेची तक्रार करतेय.

"एकपासून मोजा. दहा झाले की पुन्हा एक."

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. मध्येच जीभ उजवीकडे ओढली गेली. मी ओढली नव्हती. "जीभ," थेरपिस्ट म्हणाली. मागे कुणीतरी ते पुन्हा उच्चारलं आणि तिथे बारीकशी खूण ठेवली असावी. मग ओठ. मग घशात एक विचित्र आवाज फुटला, बकरीसारखा, आणि मला लाज वाटली. तो आवाज माझा नव्हता, तरी माझ्याच तोंडातून आला होता. "छान," बाई म्हणाल्या. त्यांना हवं ते सापडलं होतं.

मग पुन्हा मोजत असताना, सहाच्या पुढे, सगळं बंद झालं. ओठ उडाला नाही, जीभ ओढली नाही, काहीच झालं नाही. सात म्हणायचं हे माहीत होतं, आणि सात म्हणजे कसं म्हणायचं हे जगातून पुसलं गेलं होतं. थेरपिस्टचे डोळे माझ्या डोळ्यांना चिकटले होते. "थांबलं," ती म्हणाली. विजेचं टोक उचललं गेलं असणार, कारण लगेच "सात" बाहेर आलं, मोठ्याने, दणकन. त्यांनी त्याच जागी पुन्हा केलं. पुन्हा तेच. "जीभ बाहेर काढा," थेरपिस्ट म्हणाली आणि मी काढली, व्यवस्थित. जीभ हलत होती. बोलता येत नव्हतं. बाईंनी मला त्या दिवशी डोक्यावर बोट ठेवून सांगितलं होतं ते हेच.

"ही जागा सोडायची," बाई म्हणाल्या.

मग चित्रं सुरू झाली. हे घर आहे. ही बादली आहे. हा मोर आहे. तंबूच्या मागे त्या गाठ काढत होत्या. मला ओढल्यासारखं काही जाणवत नव्हतं, फक्त यंत्राचा आवाज, मधूनच पाण्याचा. किती वेळ गेला कळत नव्हतं. घसा कोरडा पडला, तिने ओल्या कापसाने ओठ पुसले. ही कात्री आहे. हा... हा... हा पतंग आहे.

"अडखळल्या," थेरपिस्ट म्हणाली.

"दमल्यात की?"

"पुन्हा बघते. हे काय?"

"ही... ही छ... छत्री आहे." छ जिभेवर फुटून दोनदा आला. आता मला कळत होतं. मी मन लावून म्हणत होते, जितकं मन लावावं तितकं वाईट होत होतं.

मागचे सगळे आवाज थांबले. बाईंनी कुणाला तरी हळू आवाजात काहीतरी विचारलं. मला 'अजून थोडी उरलीय' एवढंच ऐकू आलं. त्या क्षणी मला नवऱ्याचा चेहरा दिसला आणि एकदम वाटलं, ओरडून सांगावं, काढा, सगळी काढा, मी चुकले. पण तोंडातून आलं ते, "ही छत्री आहे."

"बस," बाई म्हणाल्या. "इथे थांबू या."

संध्याकाळी मी आयसीयूत नवऱ्याशी बोलले. सावकाश, जड जिभेने, पण बोलले. "थोडी ठेवलीय," मी म्हणाले. "माहितीय," तो म्हणाला. त्याने माझा हात धरला होता. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने विचारलं, चहा घेणार का, आणि मी 'हो' म्हणू शकले नाही. 'हो'सुद्धा. तोंड उघडलं, श्वास बाहेर आला. नवरा आला, त्याने पाहिलं आणि बाहेर धावला. लगेच स्कॅनला नेलं. आत रक्त साकळलं असलं तर पुन्हा उघडावं लागणार होतं. पलंग ढकलत नेताना छतावरचे दिवे सरकत होते आणि मी मनात म्हणत होते, ही बादली आहे, हा मोर आहे. मनात सगळं स्पष्ट, एकही शब्द गहाळ नाही.

रक्तस्राव नव्हता. सूज होती. "सूज उतरेल," बाई म्हणाल्या. "ती जागा मी कापलेली नाही. पण ती दमलीय, दुखावलीय. वाट बघावी लागेल." किती, ते त्यांनी सांगितलं नाही. नवऱ्याने विचारलंही नाही. मला मात्र त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. गाठही राहिली आणि बोलणंही गेलं.

मला घरी आणलं. मुकं माणूस घरात असलं की बाकीचेही बदलतात. शेजारच्या काकू माझ्याशी मोठ्याने बोलायला लागल्या, मला ऐकू येत नसल्यासारख्या. मुलगी तर माझ्याशी हातवारेच करायला लागली. जेवायचं का, तर बोटं तोंडाकडे. मला राग यायचा आणि तो राग सांगता यायचा नाही. उजवा हात जड होता, मोबाइलवर चार अक्षरं टाइप करायला घाम फुटायचा. एकदा मी कसंबसं लिहिलं, 'मला ऐकू येतं.' ती वाचून आतल्या खोलीत गेली आणि पुष्कळ वेळ बाहेर आली नाही.

आई टिटवाळ्याला भावाकडे असायची, गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हती. रोज संध्याकाळी फोन करायची. नवरा फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर ठेवायचा आणि ती एकटीच बोलायची. थेरपिस्टने नवऱ्याला सांगितलं होतं की ठरवून बोलणं आणि पाठ असलेलं बोलणं यांचे रस्ते मेंदूत थोडे वेगळे असतात, म्हणून पाठ असलेलं काहीतरी म्हणून घ्या. त्याने ते आईला सांगितलं. आईने शुभंकरोती म्हणून पाहिलं, माझं तोंड मिटलेलंच. मग ती म्हणाली, "थांब, लहानपणी मी तुझ्याकडून रोज घोकून घ्यायची ते घेऊ," आणि तिने पाढे सुरू केले. बे एके बे. बे दुणे चार. रोज. मी नुसती ओठ हलवायची.

तशात एका दुपारी नवरा स्वयंपाकघरात होता. तो आताशा सुट्टी टाकून घरी राहायचा आणि वरणभात करायचा. मी दारात उभी होते. त्याने कुकर उतरवला आणि वाफ जायच्या आधीच झाकणाला हात घालून जोर लावायला लागला.

"अहो, वाफ!" मी ओरडले.

तो हात मागे घेऊन वळला. मुलगी आतून धावत आली. तिघंही तसेच उभे. दोन शब्द, धडधाकट, 'हो' आणि 'फ' सकट.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "पुन्हा म्हण ना."

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. मी प्रयत्न केला, ओठ चावला, मान हलवली. काही नाही. मग मी खाली बसले आणि त्या दिवसांत पहिल्यांदा रडले. मुलगी शेजारी येऊन बसली. तिने हातवारे केले नाहीत. "आई, आलं ना ते? म्हणजे आत आहे," ती म्हणाली.

थेरपिस्टला सांगितलं तर ती खुश झाली. म्हणाली, घाबरून निघालं तेव्हा तुम्ही क्रम लावायला बसला नाहीत, म्हणून निघालं. आता क्रम पुन्हा शिकायचा. आरसा समोर ठेवायला लावला. आपली मुळाक्षरं तिने मला पुन्हा शिकवली, पण डोळ्यांनी. प, फ, ब, भ ओठांवर. त, थ दातांपाशी. ट, ठ साठी जीभ वर वळवायची. क, ख पार मागे, दिसतच नाहीत, ते गळ्यावर हात ठेवून शोधायचे. शाळेत ही अक्षरं ओळीने घोकली होती, पण ती ओळ म्हणजे घशापासून ओठांपर्यंतचा रस्ता आहे हे मला कधी कळलं नव्हतं. पहिल्यांदा ठरवून आला तो 'ब'. त्या संध्याकाळी फोनवर आई म्हणाली, "बे एके," आणि मी म्हणाले, "बे."

 पलीकडून भावाचा आवाज आला, "आई, रडू नको गं, पुढचं म्हण."

पुढे महिने गेले. ळ सगळ्यात शेवटी आला. कित्येक दिवस आई माझ्या तोंडी 'टिटवाड्या'ला राहत होती. रिक्षात एकदा पत्ता सांगताना अडकले तेव्हा रिक्षावाल्याने माझ्या तोंडाचा वास घेतल्यासारखं केलं. मी उतरले आणि चालत गेले. नोकरीवर परत घेतलं, पण माइकवर नाही, पासाच्या खिडकीवर. माझ्या जागी एक तरुण मुलगी आहे, चांगलं पुकारते. पहिले काही दिवस मला तिचा आवाज ऐकवत नव्हता. आता ऐकवतो.

नवऱ्याशी त्या विषयावर आम्ही एकदाच बोललो. मी विचारलं, "राग आहे का? उरलेल्या गाठीचा?"

तो म्हणाला, "रोज भीती वाटते. राग नाही." मग थोड्या वेळाने, "तू आत्ता विचारलंस ना, ते बरं वाटलं."

ठरावीक काळाने स्कॅन असतो. त्याच्या आधीचा आठवडा आमच्या घरात कुणी कुणाला उलटून बोलत नाही, त्यावरून शेजाऱ्यांनाही कळत असेल. परवाच्या वेळी सर्जन बाई पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावून बराच वेळ बघत राहिल्या. एकदा मोठं केलं, पुन्हा लहान केलं. नवऱ्याचा पाय टेबलाखाली हलत होता. मी माझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर जीभ ठेवून बसले होते, तो उडू नये म्हणून.

"आहे तेवढीच आहे," त्या म्हणाल्या.

"आणि वाढली तर?" मी विचारलं. मला आता अवघड प्रश्न आधी मनात जुळवून घ्यावे लागतात, हा मी रिक्षातच जुळवला होता.

"तर पुन्हा करू. तसंच, जागं ठेवून. याल?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. 

"येईन," मी म्हणाले. "पण महिनाभर आधी सांगा. रजेचा अर्ज टाकावा लागतो."